पेलेट ग्रिलचा स्क्रीन ८० सांगतो अन् कोंबडी जळते: बोर्ड बदलण्याआधी ओहम मोजा

भाऊ, तुमची अडचण मी समजलो ती अशी. पोळ्याच्या करीला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पाहुण्यांसाठी पेलेट ग्रिलवर (लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या गोळ्यांवर, म्हणजे पेलेटवर, चालणारी शेगडी) कोंबड्या लावल्या, आकडा ११० अंशांवर ठेवला. स्क्रीन ८०-८५च्या वर सरकेना, आत मात्र जाळ धगधगला. वरून कातडी काळी झाली अन् मांडीच्या हाडाजवळ कच्चं राहिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ऊन पडल्यावर तोच ग्रिल नीट चालला. दुकानदारानं फोनवरच सांगितलं, कंट्रोलर बोर्ड बदला.

बोर्ड मागवू नका. निदान आज तरी नाही. मी आर्वीकडे पंपाचे स्टार्टर अन् पॅनल दुरुस्त करतो, आणि आमच्या शेतावर पाहुणे मुक्कामी येतात त्यांच्यासाठी पाच वर्षांपासून असाच ग्रिल चालवतो. पावसाळी संध्याकाळी बिघडतो अन् उन्हात सुधारतो, हे तुम्ही लिहिलं तिथंच माझं लक्ष गेलं. बोर्ड खराब असता तर त्यानं सहसा ऊन-पाऊस पाहिला नसता. हा प्रोबच्या, म्हणजे आतलं तापमान ओळखणाऱ्या धातूच्या कांडीच्या, तारेत शिरलेल्या ओलीचा खेळ दिसतो.

आधी एक गोष्ट पक्की करा. तो प्रोब तापमान पाठवत नाही, फक्त विजेला अडथळा देतो. तो अडथळा ओहममध्ये मोजतात. बहुतेक पेलेट ग्रिलमध्ये पीटी-१००० जातीचा प्रोब असतो: टोकाशी प्लॅटिनमचा बारीक तुकडा, शून्य अंशाला बरोबर १००० ओहम. तापेल तसा अडथळा वाढतो, दर अंशाला साधारण पावणेचार ओहम. बोर्ड हे ओहम मोजतो, त्यावरून अंश ठरवतो आणि ऑगरला, म्हणजे पेलेट पुढे ढकलणाऱ्या स्क्रूला, सांगतो की पेलेट ढकल किंवा थांब.

आता दोन तारांच्या मधल्या आवरणात ओल अन् चरबीची काजळी बसली की तिथून थोडी वीज आडवाटेनं निघून जाते. बोर्डाला अडथळा कमी दिसतो, म्हणजे तापमान कमी दिसतं. मी हिशेब करून पाहिला. ११० अंशांना प्रोब १४२३ ओहम द्यायला पाहिजे. तारांमध्ये १६,३०० ओहमची गळती असली तर बोर्डाला १३०९ च दिसतात, म्हणजे ८० अंश. तो बिचारा पेलेट ढकलतच राहतो. स्क्रीनवर ११० उमटेपर्यंत आत १४६ झालेले असतात. तुमचा स्क्रीन तर ८०-८५ वरच अडकला, म्हणजे तुमच्याकडे गळती याहूनही जास्त असणार. तुमची कोंबडी अशीच जळली असणार.

म्हणून प्रोब कोणत्या बाजूला चुकतो ते आधी पाहा. तार पूर्ण तुटली तर अडथळा अनंत होतो, बोर्डाला वाटतं फार तापलं, तो एरर दाखवून बंद पडतो. स्वयंपाक खोळंबतो, पण धोका नाही. प्रोब कमी सांगायला लागला तर मात्र फायरपॉटमध्ये, म्हणजे पेलेट जळतात त्या भांड्यात, पेलेटचा ढीग साचतो. जाळ विझून नुसता पिवळट जाड धूर निघत असेल तर झाकण उघडायला जाऊ नका. हवा मिळाली की तो धूर भस्सकन पेट घेतो. पोरांना लांब करा, ग्रिल थंड होऊ द्या, मग फायरपॉट रिकामा करा. लाईन मध्येच गेली तरी असंच सांभाळा, कारण पंखा थांबतो अन् विस्तव ऑगरमधून हॉपरकडे, म्हणजे पेलेट भरायच्या पेटीकडे, मागे सरकू शकतो. आपल्याकडे लाईनचा भरवसा नाही, तेव्हा पंख्यापुरता का होईना इन्व्हर्टर लावाच. आणि राख पत्र्याच्या डब्यात ठेवा. कुटाराच्या ढिगाजवळ तर अजिबात टाकू नका.

आता मोजणी. सकाळी, हवा दमट असताना, ग्रिल पेटवण्याआधी मोजा. हे मुद्दाम सांगतो, कारण कोरड्या दुपारी मोजलं तर प्रोब निर्दोष निघेल आणि तुम्ही परत बोर्डाकडे वळाल.

ग्रिलची पिन सॉकेटमधून काढा, मगच हॉपरखालचा पत्रा उघडा. प्रोबच्या दोन तारा बोर्डातून सोडवा. साध्या डिजिटल मल्टिमीटरची खाच २००० ओहमवर ठेवा. दोन्ही टोकं ओल्या बोटांनी धरून ठेवू नका, अंगातूनही थोडी वीज जाते अन् आकडा चुकतो. २५ अंशांना १०९७ ओहम, ३० ला १११७, ४० ला ११५५ यायला पाहिजेत. मे महिन्यात आपल्याकडे सावलीतच ४५ होतं, तेव्हा थंड ग्रिलनं ११७५ दाखवले तर ते बरोबरच आहेत. तेवढ्यावरून प्रोब फेकू नका. आणि आकडा हजाराऐवजी शंभरच्या आसपास आला तर तो पीटी-१०० जातीचा आहे. नव्या काही ग्रिलांत थर्मोकपल, म्हणजे दोन धातूंच्या तारांचा वेगळा सेन्सर, असतं, ते ओहमनं मोजायचं नसतं. आधी ग्रिलच्या पुस्तिकेत जात पाहून घ्या.

मग स्टीलच्या पेल्यात बर्फाचा चुरा भरून त्यात थोडं पाणी घाला. बर्फ जास्त, पाणी कमी. प्रोबचं फक्त धातूचं टोक पाच मिनिटं बुडवा. तार जिथं जोडली आहे तो सांधा कोरडा राहू द्या. १००० च्या दोन-चार ओहम अलीकडे-पलीकडे आला तर प्रोब चांगला. वर सांगितली तेवढी गळती असेल तर ९४० च्या आसपास येईल. नंतर उकळत्या पाण्यात तेच करा. वर्धा-नागपूरच्या उंचीवर पाणी ९९ अंशांना उकळतं, म्हणजे १३८१ ओहम. चिखलदऱ्याला करत असाल तर पाणी ९६ लाच उकळेल, आकडा थोडा खालीच येणार.

शेवटी मीटर २० मेगाओहमवर ठेवून एक तार अन् प्रोबची धातूची नळी यांच्यामध्ये मोजा. काहीच येता कामा नये. आकडा दिसला की ओल किंवा काजळी आत शिरली आहे असं समजा.

मोजत असतानाच तार बोटांत धरून वीतभर-वीतभर हलवत जा. माझ्या ग्रिलमध्ये दोष असाच सापडला. प्रोबची तार ग्रिलच्या पिंपाच्या पत्र्यातून हॉपरकडे जाते त्या भोकातलं रबराचं बुश कधीच गळून गेलं होतं. पत्र्याच्या धारेनं काचेच्या धाग्याचं वेष्टण खरवडलं होतं, आतले दोन्ही तांबडे धागे उघडे अन् त्यांच्यावर चरबीची काळी, चिकट साय. बाजूलाच उंदराचे दात उमटले होते, ज्वारीच्या दाण्याएवढे दोन खड्डे. तिथं बोट लागलं की मीटर ११२० वरून ९६० वर यायचा, सोडलं की परत वर. दोन महिने मी ज्या बोर्डाला दोष देत होतो त्याचा काही संबंध नव्हता. तार तिथून कापली, टोकं कोरडी करून दाबून जोडली, वर उष्णता सोसणारी काचेच्या धाग्याची नळी चढवली अन् भोकात नवं बुश बसवलं. साधी इन्सुलेशन टेप इथं वापरू नका, ती वितळते.

जोडणी न करता नवाच प्रोब घेणार असाल तर एका गोष्टीकडं नीट लक्ष द्या. बुटीबोरी-हिंगण्याच्या कारखान्यांना सेन्सर पुरवणाऱ्या दुकानांत जास्त करून पीटी-१०० आणि के-टाईप थर्मोकपल मिळतं. दिसायला सगळे सारखेच. पीटी-१००० च्या जागी पीटी-१०० लावला तर बोर्डाला शंभर-सव्वाशे ओहम दिसतात, तो उणे तापमान समजून एरर देतो, आणि माणसाला वाटतं आता तर बोर्ड नक्कीच गेला. दुकानातच मीटर लावून पाहा. हजाराच्या वर आकडा आला तरच पैसे द्या.

बोर्डाबद्दल मनात शंका राहिलीच तर टीव्ही दुरुस्तीवाल्याकडून दीड हजार ओहमचा मेटल फिल्म रेझिस्टर घ्या, एक टक्क्यावाला. पाच टक्क्यांचा घेतला तर वीस अंशांपर्यंत फरक पडू शकतो. हॉपर अन् फायरपॉट रिकामे करा, पिन काढलेली असताना प्रोबच्या जागी तो रेझिस्टर जोडा, पत्रा परत लावा आणि मगच चालू करा. त्या बोर्डावर २३० व्होल्ट असतात, उघड्यावर हात घालू नका. स्क्रीननं १३० च्या चार-पाच अंश इकडे-तिकडे दाखवलं तर बोर्ड निर्दोष. मिनिटभर पाहून बंद करा.

प्रोबच्या नळीवरची काजळी मात्र दर आठ-दहा वेळा पेटवल्यावर व्हिनेगर अन् भांड्याच्या मऊ घासणीनं काढत जा. काजळीनं आकडा मागे पडतो, खोटा होत नाही, पण मागे पडलेला आकडाही कोंबडी जाळायला पुरतो. तांदळाच्या तुसाचे पेलेट वापरत असाल तर बंद करा. त्यात राख फार असते, ती प्रोबवर अन् फायरपॉटमध्ये बसते. आणि बॉयलरसाठी केलेल्या पऱ्हाटी-तुराटीच्या पेलेटवर खायचं शिजवू नका. कपाशीवर किती फवारण्या होतात ते आपल्याला माहीत आहे.

आणखी एक, तुमचा ग्रिल बाहेरदेशाचा, ट्रान्सफॉर्मरवर चालणारा असेल तर. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट उतरवतो, हर्ट्झ बदलत नाही. ६० हर्ट्झची साधी एसी ऑगर मोटर आपल्या ५० हर्ट्झवर सहाव्या हिश्शानं हळू फिरते, ग्रिल तापायला उशीर लागतो अन् लोक प्रोबला दोष देतात. पण तुमच्याकडे जाळ कमी नव्हता, जास्त होता, म्हणून तुमचं कारण ते नाही.

तोवर पाहुणे आलेच तर स्क्रीनवर विसंबू नका. जाळीच्या मधोमध वेगळा थर्मामीटर ठेवा. पिंपाच्या भिंतीवरच्या प्रोबमध्ये अन् त्याच्यात दहा-पंधरा अंशांचा फरक चालतो. मांडीत सुईचा थर्मामीटर हाडाला न टेकवता खुपसा, ७४ अंश झाले की उतरवा.

उद्या सकाळी मोजलं की तीन आकडे कळवा: हवेतला, बर्फातला, आणि तार ते नळी. भोकाजवळच्या तारेचा फोटोही काढा. आमच्याकडे रात्री आठला लाईन येते, त्यानंतर पाहून सांगतो.