मोजायच्या आधी यादी वाच

अगं,

काउंटइफ (अट बसणारे सेल मोजणारा फॉर्म्युला) आणि पिव्होट (आपोआप गट करून मोजणारा तक्ता) या दोघांचे आकडे जुळत नाहीत हा तुझा मेसेज वाचला आणि खरं सांगू, जीव तुटला. "पिव्होट चुकतोय का मी चुकतेय" असं विचारलंयस, आणि त्याच्या खाली "मला बहुतेक आकड्यांची अक्कलच नाहीये". हे दुसरं वाक्य परत लिहायचं नाही, त्यावर मी बोलणार पण नाहीये. गावोगावच्या फॉर्मची तुझी शीट उघडून बघितली, फॉर्म्युला बसवलायस ठीक, पिव्होट पण ठीक. तू फक्त यादी न वाचता मोजायला बसलीस.

यादी म्हणजे कॉलममध्ये वेगवेगळ्या व्हॅल्यू कोणकोणत्या आहेत त्यांची. गूगल शीट्समध्ये रिकाम्या कॉलमात युनिक हा फॉर्म्युला लाव, बाहेरून सॉर्ट लाव, झालं. जुन्या एक्सेलमध्ये युनिक नाहीये, तिथं कॉलम दुसऱ्या शीटवर कॉपी करायचा आणि रिमूव्ह डुप्लिकेट्स मारायचं. आणि मग ती यादी वरपासून खालपर्यंत वाचायची. सरकवत जायचं नाही, एकेक नाव वाचायचं.

आता तुझ्या डोसच्या कॉलमचं बघ. तिथं लोकांनी वाय म्हणजे हो, एन म्हणजे नाही आणि जिथं माहीत नाही तिथं प्रश्नचिन्ह टाकलंय. काउंटइफला तू प्रश्नचिन्ह मोजायला सांगितलंस आणि त्यानं सगळा तालुकाच "माहीत नाही"मध्ये घातला, कारण काउंटइफसाठी प्रश्नचिन्ह म्हणजे "कुठलंही एक अक्षर", म्हणून वाय पण आला, एन पण आला. फुलीसारखी चांदणी टाकली असतीस तर मजकूर असलेला प्रत्येक सेल आला असता. पिव्होटला असलं काही नसतं, तो लिहिलंय ते लिहिलंय तसं धरतो, म्हणून दोघांचे आकडे वेगळे. प्रश्नचिन्हाच्या आधी टिल्ड, म्हणजे ती छोटी वळणदार रेघ लाव, मग नुसतं प्रश्नचिन्हच मोजलं जाईल. पण यादी वाचली असतीस तर तीन ओळींच्या त्या यादीत प्रश्नचिन्ह दिसलं असतं आणि तिथंच हात थांबला असता, एवढंच माझं म्हणणं आहे.

गावांचं मात्र जास्त वाईट आहे, कारण तिथं बेरीज जुळतेय. तू लिहिलंस ना, "निदान गावांचं टोटल तरी बरोबर आलं". नाही आलं गं. कऱ्हाड तुझ्या यादीत चार वेळा आहे. एक कराड, एक कराडच पण मागे स्पेस असलेलं, आणि दोन कऱ्हाड जे स्क्रीनवर हुबेहूब सारखे दिसतात. त्या दोघांवर लेन, म्हणजे अक्षरचिन्हं मोजणारा फॉर्म्युला, लावून बघ, एकाचं 6 येईल आणि एकाचं 7. एकात टिंबवाला ऱ टाइप झालाय, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह. कीबोर्ड वेगळा, माणूस वेगळा, चूक कुणाचीच नाही. पण चार ओळींत फुटलेलं गाव आणि एका ओळीत असलेलं गाव, दोन्हीची बेरीज तेवढीच येते! म्हणून नुसती बेरीज जुळली की काम झालं असं मानणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. बेरीज जुळवायचीच, गावांच्या आकड्यांची सम एकीकडे, भरलेले सेल मोजणारा काउंटए दुसरीकडे, पण ती यादी वाचून झाल्यावर.

मागची स्पेस ट्रिमनं जाते. वेबपेजवरून कॉपी केलेल्या नावांना कधीकधी दुसऱ्या जातीची स्पेस चिकटलेली असते, कोड 160 वाली, ती ट्रिमनं जात नाही, तिला सबस्टिट्यूटनं काढावं लागतं. काउंटइफ खाली ओढताना रेंजला डॉलरचं चिन्ह लाव, नाहीतर रेंज पण खाली सरकते आणि वरच्या नोंदी सुटतात. एक्सेलमध्ये खाली डेटा बदललास की पिव्होट रिफ्रेश कर, बहुतेक एक्सेलमध्ये तो आपणहून होत नाही. आणि पिव्होटमध्ये जो कॉलम "रोज" म्हणजे ओळींच्या खान्यात टाकलायस तोच काउंटला टाकलास तर रिकाम्या सेलसमोर काहीच येत नाही, म्हणून काउंटला नेहमी फॉर्म नंबरसारखा पूर्ण भरलेला कॉलम टाकायचा. हे सगळं तू चार दिवसांत शिकशील, त्याची मला काळजी नाही.

काळजी रेठरेची आहे. तुझ्या यादीत रेठरे बु. आहे, रेठरे बुद्रुक आहे, रेठरे खुर्द आहे आणि नुसतं रेठरे आहे. पहिली दोन एक कर, बिनधास्त. पण नुसतं रेठरे तू बुद्रुकमध्ये घातलंस, "मोठं गाव आहे म्हणून" अशी कॉमेंट टाकून. असं करायचं नाही! ती खुर्दची माणसं असतील तर? यादी वाचायची म्हणजे आपल्या सोयीनं गुंडाळायची नाही. जे कळत नाही त्याची वेगळी ओळ ठेवायची, "गाव अस्पष्ट" म्हणून, आणि ती ओळ रिपोर्टमध्ये दिसली पाहिजे. तसंच मूळ कॉलमला हात लावायचा नाही. दुसऱ्या शीटवर दोन कॉलम कर, डावीकडे लिहिलंय तसं, उजवीकडे आपण ठरवलेलं नाव, आणि व्हीलुकअपनं, म्हणजे डावीकडचं शोधून उजवीकडचं आणणाऱ्या फॉर्म्युल्यानं, नवा कॉलम आण, नाव तंतोतंत जुळावं म्हणून शेवटी फॉल्स टाकायला विसरू नकोस. उद्या कुणी विचारलं की कऱ्हाडचा आकडा कसा आला, तर ते दोन कॉलम पुढे करायचे.

वयोगटाच्या कॉलममध्ये 5 ऑक्टोबर असा एक "वयोगट" आहे, बघितलास का? ते 5-10 होतं, प्रोग्रॅमनं तारीख करून टाकली. फक्त आपल्याकडे होतं असं नाही. जनुकांची नावं अशीच तारखा होऊन बसायची, सेप्ट1, मार्च1 वगैरे, आणि शेवटी नावं ठरवणाऱ्या समितीनंच 2020 मध्ये जाहीर केलं की आता सेप्टिन1 आणि मार्चएफ1 म्हणायचं. शास्त्रज्ञांच्या कॉलममध्ये हे घडतं तर आपल्या फॉर्ममध्ये का नाही घडणार. टाइप करायच्या आधी तो कॉलम प्लेन टेक्स्ट करून ठेव. आणि लाभार्थ्यांचे बँक खाते नंबर दोनदा आलेत का हे एक्सेलच्या काउंटइफनं बघू नकोस, नंबर 15 आकड्यांपेक्षा मोठा असला की ते पुढचे आकडे धरतच नाही, दोन वेगळ्या बायका एकच ठरतात आणि एकीचे पैसे अडकतात.

तू म्हणशील एवढं सगळं कोण करतं. सरांना सोमवारी आकडा हवाय. मला माहितीये. मी एका ऑफिसात होते तिथं साहेबांना संध्याकाळच्या मीटिंगला आकडा हवा होता आणि मी म्हटलं यादी वाचून झाल्याशिवाय देणार नाही. त्यांनी दुसऱ्याकडून घेतला. नंतर आमचं बोलणं तुटलं ते तुटलंच, चांगला माणूस होता, मला खूप शिकवलं होतं त्यांनी, आणि ते गेले तेव्हा मला दुसऱ्याच कुणाकडून कळलं. त्याची खंत आहे, राहणार. पण आकड्याबद्दल मी आजही तेच म्हणेन. लोक मला हळू म्हणतात, किचकट म्हणतात, म्हणू देत. त्या कॉलममधली प्रत्येक ओळ कुणाच्या तरी घरी जाऊन, उन्हात, दारात उभं राहून भरलेली आहे. ती भरायला आशाताईला अर्धा तास लागला आणि आपण ती वाचायला दोन सेकंद द्यायचे नाहीत? मला नाही पटत. हळू असण्याचा आरोप मला चालतो, न वाचता मोजल्याचा चालणार नाही.

सोमवारचं असं कर. आज गाव, वयोगट, डोस या तीनच कॉलमच्या याद्या काढ, बाकीचे राहू देत. कागदी फॉर्मचा गठ्ठा हातानं मोज आणि शीटच्या ओळींशी ताळा कर, कारण फाइलमध्ये जे आलंच नाही ते कुठलाच फॉर्म्युला मोजत नाही. इंग्लंडमध्ये 2020 साली जुन्या एक्सेल फॉरमॅटच्या 65,536 ओळी भरल्या आणि कोविडच्या 15,841 पॉझिटिव्ह केसेस वेळेवर मोजणीत आल्याच नाहीत. मग नुसतं रेठरे लिहिलेले फॉर्म बाजूला काढ आणि ज्यांनी भरलेत त्या ताईंना फोन लाव. उचलला नाही तर "गाव अस्पष्ट"ची ओळ तशीच ठेवून रिपोर्ट पाठव, आणि सरांनी विचारलं तर माझं नाव सांग.