विसरायला होणाऱ्या सासूबाई पुन्हा घरातून निघून गेल्या तर शोध कुठून सुरू करायचा?

तुम्ही लिहिलंय की सासूबाई दुपारी घरातून निघाल्या आणि रात्री खानापूर स्टेशनवर सापडल्या. २४ तास उलटल्याशिवाय पोलीस तक्रार घेत नाहीत असं शेजारी सांगतात, आणि आता त्यांना कडीकुलपात ठेवावं का, हा तुमचा प्रश्न आहे. मी बेळगावात वडगावला राहते. माझ्या आईला डिमेन्शिया होता, ती अशीच निघून जायची, म्हणून लिहिते.

२४ तास थांबा असा कुठलाही कायदा नाही. घरात, माळ्यावर, गोठ्यात, परसात, विहिरीपाशी एकदा नीट बघा आणि लगेच ११२ ला फोन लावा. हा नंबर कर्नाटकात आणि महाराष्ट्रात दोन्हीकडे चालतो. तुमच्याकडे रेल्वे जवळ आहे, म्हणून १३९ लाही कळवा. एक माणूस घरी थांबू दे, कारण पुष्कळदा त्या स्वतःच परत येतात आणि दाराला कुलूप बघून पुन्हा चालू लागतात.

आता खरा मुद्दा. ही माणसं वाट चुकून कुठेही भरकटतात असं आपल्याला वाटतं, पण बहुतेकदा त्यांना कुठेतरी जायचं असतं. संध्याकाळ झाली की आईची घालमेल सुरू व्हायची. "चला, घरी जायला उशीर झाला," म्हणायची, आणि बसलेली असायची स्वतःच्याच घरात. तिचं ते घर म्हणजे चंदगड तालुक्यातलं माहेर. तिच्या लहानपणी चंदगड बेळगाव जिल्ह्यातच होतं, १९५६ साली ते कोल्हापूरकडे गेलं. नंतरचं सगळं पुसत गेलं आणि ही मागची वाट तेवढी पक्की राहिली. एकदा ती बसने थेट चंदगड तालुक्यातल्या शिनोळीला पोचली. तिथे दुकानाच्या पायरीवर बसलेली असताना दुकानदाराने विचारपूस केली. वडगाव तिला सांगता आलं नाही, पण वडिलांचं नाव आणि गाव तिने धडाधड सांगितलं. त्या गावातल्या एका माणसाकडे आमचा नंबर होता, म्हणून फोन आला.

म्हणून आजच बसून सासूबाईंचं माहेर, लग्नानंतरचं पहिलं घर, जुनं शेत, नेहमीचं देऊळ, ज्या बाजाराला त्या जायच्या तो बाजार, हे सगळं लिहून काढा आणि प्रत्येक ठिकाणच्या दोघांचे नंबर घेऊन ठेवा. यातलं काही हद्दीपलीकडे असेल तर तिकडच्या पोलीस ठाण्यात तुम्ही स्वतः फोन करा. इकडची नोंद तिकडच्या हवालदाराला आपोआप कळेल असं धरून चालू नका.

हातात पैसे नाहीत म्हणजे लांब जाणार नाहीत, असंही समजू नका. २०२३ पासून कर्नाटकात शक्ती योजनेत इथल्या बायकांना सरकारी बसच्या तिकिटाला पैसे लागत नाहीत, आधार दाखवलं की झालं. पण त्या निमित्ताने कंडक्टर कार्ड बघतो, त्यामुळे एखाद्याला चेहरा आठवतो. फोटो घेऊन आधी स्टँडवरच्या कंट्रोल रूमला जा, मग वडापवाल्यांना, म्हणजे शेअर जीपवाल्यांना, दाखवा. फोटो अलीकडचा हवा, लग्नातला नको.

जवळपास शोधताना नुसत्या हाका मारत फिरू नका. अशी माणसं ओ देत नाहीत, अगदी दहा पावलांवर असली तरी. पुढे वाट संपेपर्यंत चालतात आणि झुडपात, ओढ्यात, कुंपणात अडकून बसतात. उसाचा फड असेल तर सरी-सरीतून जावं लागतं.

आणखी एक गोष्ट आपल्या भागातल्या घरांनी लक्षात ठेवावी. आईने उभा जन्म बाजारात कानडीत घासाघीस केली, पण आजार वाढला तशी कानडी आधी गेली. पोलिसाने कानडीत काही विचारलं की ती नुसती बघत राहायची. मग मी तिच्या प्रत्येक परकराच्या नेफ्यावर आणि ब्लाऊजच्या आतून दोन फोन नंबर सुईदोऱ्याने भरले, कारण शाईने लिहिलेलं दोन धुण्यांत जातं. आधारच्या पाकिटात मराठी आणि कानडी दोन्ही लिपींत चिठ्ठी ठेवली: "यांना विसरायला होतं, कृपया या नंबरवर कळवा."

कुलपाचं म्हणाल तर, त्यांना एकटं आत ठेवून बाहेरून कुलूप अजिबात लावू नका. आग लागली, पडल्या, तर कोण उघडणार? घरात माणूस असताना दाराला वरच्या बाजूला, नजरेत येणार नाही अशी कडी लावा आणि दाराला घुंगरू बांधा. "घरी जायचंय" म्हणाल्या की "हेच तुमचं घर" म्हणून वाद घालू नका. त्याने त्या जास्त बिथरतात. "चहा घेऊ आणि निघू," म्हणा, अंगणात एक फेरी मारून आणा. दिवे अंधार पडायच्या आधीच लावा.

आणि हे निघून जाणं गेल्या काही दिवसांतच अचानक सुरू झालं असेल तर वयावर ढकलू नका. लघवीचा संसर्ग, रक्तातलं सोडियम किंवा साखर कमी होणं, यानेही म्हातारी माणसं एकाएकी गोंधळतात आणि उपचाराने सावरतात. लगेच डॉक्टरांना दाखवा, बी-१२ आणि थायरॉईडचीही तपासणी करायला सांगा.