मीटरच्या पेटीतली किल्ली

ताई,

मी २७ वर्षांची आहे. पाच वर्षं तीन मैत्रिणींसोबत राहिले, आता एकटीने राहायचं ठरवलंय. घरून विरोध आहे. आईचं म्हणणं, मजला उंच हवा, गेटवर माणूस हवा, कॅमेरे हवेत. दोन घरं मनात आहेत. पाचव्या मजल्यावरच्या घराला लिफ्ट, कॅमेरे सगळं आहे, पण पगाराचा जवळजवळ निम्मा भाग भाड्यात जाईल. दुसरं घर दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही, कॅमेरे नाहीत, पण भाडं पहिल्याच्या दोन तृतीयांश. मालक बाहेरगावी असतात, बोलणं फोनवरच झालं, स्वभावाने फार चांगले वाटले. किल्ली जिन्याखालच्या मीटरच्या पेटीत ठेवलेली असते, त्यामुळे मला सवडीने दोनदा जाऊन घर नीट बघता आलं. शुक्रवारी टोकन पाठवायचंय. एकट्या मुलीने दुसऱ्या मजल्यावर राहणं कितपत सुरक्षित? आणि आईला कसं पटवू?

– घर शोधणारी

(पत्र संक्षिप्त केलं आहे.)

मजला जरा बाजूला ठेव. मला त्या मीटरच्या पेटीबद्दल बोलायचंय.

तुझ्या लेखी ती सोय झाली. एजंट मागे उभा नाही, कुणाची घाई नाही, नळ सोडून पाण्याचा जोर बघता आला, खिडक्या उघडून बघता आल्या. माझ्या लेखी तुझ्या अख्ख्या पत्रात घाबरण्यासारखं काही असेल तर ते हे एकच वाक्य. तू जशी बिनदिक्कत आत गेलीस, तसाच तुझ्याआधी घर बघायला आलेला प्रत्येक जण गेला. रंगारी गेला, प्लंबर गेला. आधीच्या भाडेकरूने जाताना एक किल्ली परत दिलीच नसेल, तर ती वेगळीच. यांच्यापैकी कुणाकडेही आज त्या कुलपाची किल्ली नाही, असं छातीठोकपणे कोण सांगणार? मालक? ते तर बाहेरगावी.

किल्लीची नक्कल करायला काही मिनिटं पुरतात. किल्लीवाल्याच्या यंत्रात एका बाजूला मूळ किल्ली बसवतात, दुसऱ्या बाजूला कोरी. एक टोक मूळ किल्लीच्या खाचांवरून फिरतं आणि पलीकडे पातं तेवढंच कापत जातं. मूळ किल्ली पुन्हा पेटीत. कुणाला पत्ता लागत नाही. किल्ली हातात यावीच लागते असंही नाही. २००८ साली सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संगणकशास्त्रज्ञांनी एका छतावरून, १९५ फुटांवरच्या कॅफेच्या टेबलावर पडलेल्या किल्ल्यांचे फोटो काढले आणि निव्वळ त्या फोटोंवरून खाचांची मापं बरोबर काढून दाखवली. तेव्हा नवं घर मिळाल्याच्या आनंदात हातातल्या किल्लीचा फोटो कुठेही टाकायचा नाही. लोक हौसेने टाकतात! किल्लीच्या डोक्यावर किंवा सोबतच्या बिल्ल्यावर नंबर असेल तर तोही कुणाला दाखवू नकोस. काही किल्ल्या नुसत्या नंबरावरून बनवून मिळतात.

आता तुझे ते स्वभावाने चांगले मालक. फोनवर कुणाचा स्वभाव वाईट असतो, मला सांग. किल्ली पेटीत असते हे ज्याला ठाऊक, त्याला त्या घराचा मालक म्हणून मिरवता येतं, कारण घर दाखवायला त्याला यावंच लागत नाही. रिकामं घर, हाताशी किल्ली, इतरांपेक्षा कमी भाडं, बाहेरगावचा मालक आणि अमुक दिवसापर्यंत पैसे पाठवा: भाड्याच्या फसवणुकीची ही जुनी मांडणी आहे आणि यातल्या पाचही गोष्टी तुझ्या पत्रात आहेत. मी त्यांना भामटा म्हणत नाही. गृहस्थ खरोखर सज्जन असतील. पण सज्जन माणसानेच जर भाड्याने द्यायच्या घराची किल्ली जिन्याखाली ठेवून दिली असेल, तर तो बेफिकीर सज्जन आहे. त्याची बेफिकिरी तू का निस्तरायचीस?

म्हणून शुक्रवारी एक पैसाही पाठवायचा नाही. मालकाने, नाहीतर त्याच्या सहीचं अधिकारपत्र असलेल्या माणसाने, त्या घराच्या दारात तुला भेटायचं. तुझ्या डोळ्यांदेखत कुलपाचा सिलिंडर, म्हणजे किल्ली जिथे जाते तो भाग, बदलायचा आणि नव्या किल्ल्या तुझ्या हातात द्यायच्या. टोकन त्यानंतर.

भेटीत ओळखपत्र बघ, मालकीचा कागद बघ आणि अलीकडचं वीजबिल माग. बिल घेऊन खाली जा आणि त्यावरचा मीटर क्रमांक त्याच पेटीतल्या मीटरवरच्या क्रमांकाशी जुळव. निदान या कामी ती पेटी उपयोगी पडेल. समोरच्या घराची बेल वाजवून विचार, ‘हे घर कुणाचं?’ नाव आपण सांगायचं नाही, त्यांना सांगू द्यायचं. पैसे जातील ते मालकीच्या कागदावरच्या नावाच्याच खात्यात. भाच्याच्या किंवा मॅनेजरच्या खात्यात नाही.

‘कुलूप बदलायचं म्हणजे दार फोडावं लागेल’ असं तुला सांगितलं जाईल. खोटं आहे. बहुतेक कुलपांत किल्ली जिथे जाते तो सिलिंडर तेवढा बदलता येतो, कुलूप आणि दार जिथल्या तिथे राहतं.

दार उघड आणि त्याच्या जाडीच्या कडेकडे बघ. कुलूप दाराच्या पोटात बसवलेलं असेल तर कडेवर, किल्लीच्या भोकाच्या उंचीला, एका लांब स्क्रूचं डोकं दिसेल. तो काढायचा. मग किल्ली घालून किंचित फिरवायची, म्हणजे सिलिंडरच्या मधला फिरता दात अंगाशी सरळ येतो आणि सिलिंडर अलगद बाहेर सरकतो. दात आडवा असताना लोक पकडीने ओढत बसतात आणि मग म्हणतात, कुलूप जाम झालं. बाहेर काढल्यावर स्क्रूच्या भोकाच्या मध्यापासून दोन्ही टोकांपर्यंतचं अंतर वेगवेगळं मोजायचं. ३०-३०, ३०-४०, ३५-३५ अशी मिलिमीटरमधली मापं निघतात. ३०-४० असेल तर ४० आतल्या बाजूला की बाहेरच्या, हे लिहून ठेव. घोळ नेमका इथेच होतो. मोठा सिलिंडर बसवला की तो बाहेर डोकावतो. २-३ मिलिमीटरपेक्षा जास्त बाहेर आला तर पकडीत धरून मोडता येतो, आणि मोडतो तो मधल्या स्क्रूच्या भोकाशी, कारण तिथे धातू सगळ्यात कमी असतो.

लॅच दाराच्या आतल्या अंगावर पेटीसारखी बसवलेली असेल तर आधी ती पेटी काढायची. मागे सिलिंडर धरून ठेवणारे दोन लांब स्क्रू असतात, आणि सिलिंडरच्या शेपटीची चपटी पट्टी लॅचमध्ये जाते. नव्या सिलिंडरची पट्टी लांब येते, तिच्यावरच्या खाचेवर ती मोडून, दाराच्या जाडीच्या हिशेबाने, लॅचमध्ये पोचेल इतकीच ठेवायची. लांब राहिली तर लॅच अडकते, आखूड झाली तर किल्ली नुसतीच फिरते. ही लॅच ओढून लावली की फक्त तिरका खटका बसतो, आणि साध्या लॅचचा तसला खटका प्लॅस्टिकच्या कार्डानेही मागे सरकवता येतो. बाहेर पडताना किल्ली फिरवायचीच, अगदी कोपऱ्यावर जायचं असलं तरी.

कुठलंही कुलूप असो, सिलिंडर बसल्यावर दार उघडं ठेवून सगळ्या किल्ल्या एकेक करून फिरवून बघ, आतून आणि बाहेरून. दार लावायचं ते सगळ्यात शेवटी. पहिल्याच दिवशी बाहेर अडकलेली माणसं कमी नाहीत. आणि आतल्या बाजूला किल्लीऐवजी हाताने फिरवायची मूठ असलेला सिलिंडर घे. आग लागली, धूर झाला, की अंधारात किल्ली शोधत बसायला वेळ नसतो. मात्र दाराला किंवा शेजारी काच असेल तर ती फोडून मुठीपर्यंत हात पोचतो का, तेवढं बघ.

दार लाथेने उघडतं तेव्हा कुलूप सहसा शाबूत असतं, फाटते ती चौकट. कुलपाची जीभ चौकटीवरच्या ज्या पट्टीत शिरते, ती पट्टी पुष्कळदा १५-२० मिलिमीटरच्या स्क्रूंवर उभी असते. एक स्क्रू काढून लांबी बघ. लाकडी चौकट असेल तर तिथे ७५ मिलिमीटरचे स्क्रू हवेत, चौकट ओलांडून भिंतीत जाणारे, आणि भिंतीत त्यांच्यासाठी प्लग. वरच्या बिजागरीचाही एकेक स्क्रू तसाच बदलून घे. जीभ पूर्ण बाहेर आल्यावर २० मिलिमीटर तरी हवी. कुलूप लावून दार खांद्याने ढकल. वर-खाली खडखडलं तर सुताराला त्याच दिवशी बोलाव.

साखळीवर भरवसा नको, तिचे स्क्रूही आखूडच असतात. पीपहोल तुझ्या डोळ्यांच्या उंचीला आहे का बघ. पुष्कळदा तो उंच पुरुषाच्या हिशेबाने पाडलेला असतो आणि मग चवडे उंचावण्याचा कंटाळा येऊन बाई न बघताच दार उघडते. त्यावर आतून झाकण हवं, कारण उलट्या भिंगाने बाहेरूनही आत बघता येतं.

‘अडीअडचणीला एक किल्ली माझ्याकडे राहू दे’ असं मालक म्हणतील. द्यायची नाही. फारच आग्रह धरला तर किल्ली पाकिटात घाल, पाकीट चिकटव, जोडावर आडवी सही कर, वरून पारदर्शक टेप लाव आणि ते तुझ्या विश्वासातल्या, जवळच राहणाऱ्या माणसाकडे ठेव. पाइप फुटला, आग लागली, तर तुला फोन करून ते माणूस येईल. आणि भाडेकरारात ओळ घाल: मालक किंवा त्यांचा माणूस २४ तास आधी कळवून, भाडेकरू हजर असतानाच घरात येईल. तोंडी कबुली उपयोगाची नाही.

आता तुझा प्रश्न. दुसरा मजला चालेल, पण बाहेरून एक चक्कर मार. ड्रेनेजचा पाइप, छज्जा, शेजारच्या एसीची चौकट, जिन्याची खिडकी, यांतल्या कशावरूनही तुझ्या खिडकीला हात पोचत असेल तर तिथे जाळी हवी. मात्र एका खिडकीची जाळी आतून झटकन उघडणारी असू दे, नाहीतर आगीत तोच पिंजरा होतो. घर दोनदा बघितलंस ते दिवसा, असं धरून चालते. कामावरून परतायच्या वेळेला जा. शेवटच्या थांब्यापासून दारापर्यंत चालत ये. जिन्यातला दिवा आपोआप विझणारा असेल तर किल्ली कुलपात जाईपर्यंत टिकतो का, बघ.

पाचव्या मजल्याचे कॅमेरे घडून गेलेलं दाखवतात. घडत असताना पडद्यासमोर कुणी बसलंय का, हे विचारलंस? आणि पगाराचा निम्मा भाग भाड्यात घालवून मिळालेली सुरक्षितता मला पटत नाही. महिनाअखेरीला रात्री उशिरा गाडी करायला हात आखडेल आणि तू अंधारातून चालत येशील. घर सोडायची वेळ आली तर नव्या डिपॉझिटला पैसे नसतील. हातात तीन महिन्यांच्या खर्चाची शिल्लक असणं हेही एकटीच्या सुरक्षिततेतच मोडतं.

आईला पटवत बसू नकोस. सिलिंडर बदलताना तिला दारात उभी कर आणि जुनी किल्ली तिच्या हातात दे. नव्या कुलपात ती फिरत नाही, हे तिचं तिला बघू दे.

मालकांना आजच हा निरोप पाठव, लेखी: ‘घर पसंत आहे. टोकन देण्याआधी आपण किंवा आपले अधिकृत प्रतिनिधी यांना घरी भेटून कागद बघायचे आहेत. त्याच वेळी मुख्य दाराच्या कुलपाचा सिलिंडर माझ्या खर्चाने बदलते, जुना आपल्याला परत देते. कृपया सोयीची तारीख कळवा.’ खर्च तुझा म्हटल्यावर नाही म्हणायला कारण उरत नाही. तरीही नाही म्हणाले, किंवा ‘दुसरी पार्टी तयार आहे, आधी पैसे पाठवा’ असं उत्तर आलं, तर ते घर त्या दुसऱ्या पार्टीला जाऊ दे.

हो म्हणाले तर नव्या सिलिंडरसोबत कोडचं, म्हणजे किल्लीच्या नंबराचं, कार्ड आलं असेल ते कपाटात कुलूपबंद ठेव. सगळ्या किल्ल्या मोजून घे. एक तुझ्याजवळ, पाकीट करावं लागलं तर एक त्यात, उरलेल्या किल्ल्या कार्डासोबत. आणि कुठल्याही किल्लीला पत्त्याची चिठ्ठी बांधू नकोस.