उनपदेवच्या झऱ्याचं पाणी गरम आहे, म्हणजे खानदेशात ज्वालामुखी फुटू शकतो का? फुटायच्या आधी कळतं कसं?

नाही हो. उनपदेवला पाणी खोल भेगांत तापून वर येतं, त्याला लाव्हा लागत नाही. धुळे-नंदुरबारकडच्या काळ्या दगडाच्या भिंती (डाइक, म्हणजे भेगांत गोठलेला लाव्हारस) तर कोट्यवधी वर्षांपूर्वीच थंड झाल्यात.

जिवंत ज्वालामुखीवर भूकंपमापक बारीक धक्के टिपतात, जीपीएस आणि टिल्टमीटर (जमिनीचा बारीक कल टिपणारं यंत्र) डोंगराची फुगवण मोजतात. पण नुसत्या एका आकड्यावर गेलं की फसगत होते. फिलिपिन्सच्या पिनाटुबो ज्वालामुखीत मे १९९१ मध्ये बाहेर पडणारा सल्फर डायऑक्साइड वायू दिवसाला सुमारे ५०० टनांवरून ५,००० च्या वर गेला आणि मग एकदम घटला. निवलं म्हणावं, तर उलटंच: वायूची वाट बुजली होती, आत दाब चढत होता. धक्के मात्र सुरूच होते, म्हणून टप्प्याटप्प्यानं गावं रिकामी केली. मुख्य स्फोट १५ जूनला झाला.