राखेच्या ढगात वीज कुठून येते?

ज्वालामुखीच्या धुरात विजा चमकतानाचा व्हिडिओ पाहिला. राखेत वीज कशी तयार होते? (एक वाचक, निपाणी)

'राख' या शब्दानंच घोटाळा होतो. ही चुलीतली राख नव्हे, काही जळून उरलेली नव्हे. ही दगडाची आणि काचेची पूड, दोन मिलिमीटरपेक्षा बारीक. चुलीतली राख चिमटीत मऊ लागते, ही करकरते. कोंडलेल्या वायूनं शिलारस फुटतो आणि फुटतानाच कणांवर विद्युतभार येतो. मग ते कण एकमेकांवर आपटतात, घासतात. कोरड्या केसांतून फिरवलेली प्लॅस्टिकची फणी कागदाचे कपटे ओढून घेते ना, तसाच हा प्रकार. बहुधा बारीक कणांकडे ऋण भार जातो, जाड्यांकडे धन. जाडे लवकर खाली येतात, बारीक वर तरंगतात. सुपात पाखडताना दाणे राहतात आणि फोल उडतं, तसं. भार असे दूर झाले की मधल्या हवेवर ताण येतो आणि वीज कडाडते.

सर, मग वळवाची वीज वेगळी का? (एक शिक्षिका, खानापूर)

वीज तीच, घासणारे कण वेगळे. वळवाच्या ढगात बर्फाचे स्फटिक आणि मऊ गारा एकमेकांवर आदळतात. राखेचा ढग उंच गेला की त्यातली वाफही गोठते, आणि मग दोन्ही कारणं एकत्र येतात. 15 जानेवारी 2022 ला टोंगाजवळचा समुद्रातला ज्वालामुखी फुटला, तेव्हा ढग सुमारे 57 किलोमीटर उंच गेला आणि ऐन भरात मिनिटाला 2,600 च्या आसपास विजा नोंदल्या गेल्या. मुलांना शिकवताना एवढं मात्र सांगाच: वळीव गडगडू लागला की शिवारात झाडाखाली थांबायचं नाही, पक्कं घर गाठायचं.

ढग लांब गेल्यावर भार उरतो का? (एक वाचक, चिकोडी)

उरतो. 2010 मध्ये आइसलँडची राख सुमारे 1,200 किलोमीटरवर स्कॉटलंडवर आली, तेव्हा फुग्यातून सोडलेल्या उपकरणांना तिच्यात भार सापडला. उगमापाशी आलेला भार इतका टिकणं अवघड. म्हणजे वाटेतही कण घासून भार घेत असणार.

आपल्याकडचा काळा दगड लाव्हाचाच. इथंही अशा विजा चमकल्या असतील? (अकरावीचा विद्यार्थी, बेळगाव)

फार नसाव्यात. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा दख्खनचा लाव्हा बहुतेक पातळ होता, भेगांतून पसरत गेला, राख कमी. बांधावरचा एखादा काळा दगड उचलून बघ. बऱ्याच दगडांत बारीक भोकं दिसतात, ती वायूच्या बुडबुड्यांची. पातळ लाव्हातून तो वायू सहज निसटायचा. घट्ट शिलारसात तोच कोंडतो आणि दगडाची पूड करून सोडतो.