फायनान्सचा गट की बचत गट? हप्ता कधी भरायचा हे कोण ठरवतं, ते आधी बघा

तुमचा प्रश्न असा आहे: मावशी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात एकटी राहते, शेतमजुरी करते. गावात बायकांचा बचत गट आहे आणि आठवड्याला हप्ता गोळा करणाऱ्या फायनान्सवाल्यांचाही गट आहे. अशा गटांमुळे गरीब बाईला खरंच बळ येतं की नुसतं कर्ज वाढतं, आणि मावशीनं कुठे जावं?

मी पांढरकवड्याकडची. आधी आमच्या गटाची लेखनिक होते, आता उमेद अभियानात, म्हणजे सरकारच्या ग्रामीण बचत गटांच्या कार्यक्रमात, सीआरपी (गावपातळीवरची कार्यकर्ती) म्हणून आसपासच्या गावांतले गट बघते. बळ येतं, हे मी डोळ्यांनी पाहते आहे. पण ज्या गटात पैसा बायकांचा स्वतःचा असतो आणि हप्ता किती, कधी हे त्याच ठरवतात, त्या गटात. जिथे या दोन्ही गोष्टी बाहेरच्या माणसाच्या हातात असतात तिथे एक कर्ज फेडायला दुसरं, दुसरं फेडायला तिसरं, असंही मी पाहिलंय.

व्याजापासून सुरू करते, कारण त्याबद्दल बराच गैरसमज आहे. लोकांना वाटतं फायनान्सचं व्याज भारी आणि बचत गटाचं हलकं. आमच्या भागातले कितीतरी गट सभासदाला महिना दोन टक्क्यांनी कर्ज देतात, म्हणजे वर्षाला २४ टक्के झाले. फायनान्स कंपन्यांचा दरही साधारण त्याच आसपास असतो. मग फरक कुठे? व्याज जातं कुठे, यात. बारा बायकांनी महिन्याला शंभर रुपये टाकले तर वर्षाचे १४,४०० रुपये जमतात. ते पैसे गटातच फिरतात, त्यावरचं व्याज गटातच राहतं आणि गट वाटणी करतो तेव्हा ते त्याच बायकांना परत मिळतं. फायनान्सला भरलेलं व्याज गावाबाहेर जातं ते जातंच.

आणि गट सहा महिने नीट चालला की बँक त्याची प्रतवारी करून कर्ज देते. उमेदच्या योजनेत तीन लाखांपर्यंतचं कर्ज गटाला वर्षाला सात टक्क्यांनी पडतं. गट ते सभासदांना महिना एक टक्क्यानं देतो, वरचे पाच टक्के गटाच्या खात्यात राहतात. नाबार्ड या शेती आणि ग्रामीण विकासाच्या बँकेनं १९९२ मध्ये गट बँकेला जोडायला सुरुवात केली ती फक्त पाचशे गटांपासून, प्रयोग म्हणून. आज आमच्याकडे गट नाही असं गाव शोधावं लागेल. यात माविमनंही (महिला आर्थिक विकास महामंडळानं) फार वर्षं काम केलंय, हे सांगायलाच हवं. पुष्कळ बायका पहिल्यांदा बँकेची पायरी चढल्या त्या माविमच्या गटामुळे.

फायनान्सवाला दर सांगतो तेव्हा एक गोष्ट नीट विचारायची. तीस हजार दिले, वर्षाला बारा टक्के, दोन वर्षांत फेडा, असं कोणी म्हटलं आणि व्याज शेवटपर्यंत पूर्ण तीस हजारांवर धरलं, तर ७,२०० रुपये व्याज होतं आणि महिन्याचा हप्ता १,५५० रुपये. पण आपण दर महिन्याला मुद्दल फेडतच असतो ना! उरलेल्या मुद्दलावर मोजलं तर हाच दर वर्षाला साडेएकवीस टक्क्यांच्या वर जातो. म्हणून 'किती टक्के' एवढंच विचारून भागत नाही. उरलेल्या रकमेवर किती टक्के, ते विचारायचं.

आता हप्त्याकडे येते, कारण विदर्भात बाई बुडते किंवा तरते ती इथे. फायनान्सची ही पद्धत मूळची बांगलादेशातली. मुहम्मद युनूस यांनी १९७६ मध्ये जोबरा गावात छोटी कर्जं द्यायला सुरुवात केली, त्यातून १९८३ मध्ये ग्रामीण बँक उभी राहिली. चार-पाच बायकांचा गट, एकमेकींची हमी, दर आठवड्याला हप्ता. दूध विकणाऱ्या, शिलाई करणाऱ्या, भाजीची पाटी घेऊन बसणाऱ्या बाईच्या हातात आठवड्याला पैसा येतो, तिला हा हप्ता जमतो. आमच्याकडे कोरडवाहू कापूस आणि सोयाबीन. मजूर बाईला निंदणाचे पैसे जुलै ते सप्टेंबर मिळतात, मग सोंगणी, मग वेचणी. वेचणी किलोवर, त्यामुळे नोव्हेंबर ते जानेवारी चार पैसे हातात राहतात. होळीनंतर वावरात काम नाही. कोणी मोहफुलं वेचतं, कोणी तेंदूपत्त्याला जातं, कोणी रोजगार हमीवर. ज्या आठवड्यात मजुरीच नाही त्या आठवड्यातही फायनान्सचा हप्ता येतोच. मग शेजारणीकडून उसने, नाहीतर दुसऱ्या कंपनीचं कर्ज. आणि एकीनं नाही भरलं तर बाकीच्यांनी भरायचं, म्हणून आपल्याच गल्लीतल्या बायका दारात येऊन बसतात. मला सगळ्यात जास्त राग याचा येतो. वर्षानुवर्षांच्या मैतरणी त्या हप्त्यापायी एकमेकींशी बोलेनाशा होतात.

गटात हे कसं वेगळं होतं ते एका बैठकीतून सांगते. ऑगस्ट महिना, अंगणवाडीचा ओटा, बायका निंदणावरून थेट आलेल्या, पायाला चिखल तसाच. जवळच्या कोलाम पोडावरच्या, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीतल्या, एका बाईनं चार हजार मागितले. मुलगी बाळंतपणाला आली होती. एक जण म्हणाली, हिनं मागच्या वेळी दोन बैठकांना पैसे आणले नव्हते. थोडी वादावादी झाली. मग ठरलं की दिवाळीपर्यंत फक्त व्याज द्यायचं, महिन्याला ऐंशी रुपये, आणि मुद्दल पुढे हजार-हजाराच्या चार हप्त्यांत. लेखनिकानं ठराव लिहिला, वाचून दाखवला. ती बाई म्हणाली, "एक डाव अजून वाच." वाचला. पहिला हप्ता ऑक्टोबरमध्ये लिहिला होता. ती म्हणाली, "सोयाबीनची सोंगणी माह्यानं होत नाई, कमर धरते. कापसाचं लिवा." लेखनिकानं ऑक्टोबर खोडून डिसेंबर लिहिलं, खाडाखोडीवर अध्यक्षांनी सही केली.

तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर त्या खोडलेल्या महिन्यात आहे. त्या बाईला लिहिता-वाचता येत नाही. पण आपल्या कर्जाचा कागद आपल्या कमरेला झेपेल असा लिहून घेता आला तिला, आणि तोही चारचौघींत बोलून. फायनान्सच्या छापील कागदात हा महिना खोडता येत नाही.

आता बचत गटाचं जे चांगलं नाही तेही सांगते, नाहीतर माझं उत्तर सरकारी जाहिरातीसारखं होईल. ज्या बाईला गटाची सगळ्यात जास्त गरज, तीच बहुतेक वेळा गटाबाहेर असते. बायका आपल्यासारख्या बायकांना घेऊन गट करतात. एकाच वस्तीच्या, बहुतेकदा एकाच जातीच्या. महिन्याला शंभर न चुकता देईल तीच हवी असते. मग विधवा, टाकलेली, अपंग, ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणारी, पोडावरची, पारधी बेड्यावरची बाई राहून जाते. 'तिचे पैसे बुडतील' असं उघड म्हणतात. गट साधारण दहा ते वीस जणींचा असतो, पण अपंग बायकांचा किंवा दुर्गम वस्तीतला गट पाच जणींचाही होऊ शकतो, हे पुष्कळ गावांना माहीतच नसतं. ग्रामसंघाकडे (गावातल्या सगळ्या गटांच्या संघाकडे) अडल्यानडलेल्या बाईसाठी जोखीम निधी असतो, तोही मागितल्याशिवाय निघत नाही. माझं ठाम मत आहे की गावात गट किती, हे मोजणं आता पुरे झालं. गटाबाहेर कोण राहिलं त्यांची नावं ग्रामसंघाच्या बैठकीत वाचून दाखवली पाहिजेत.

दुसरी गोष्ट धंद्याची. गट म्हटलं की पापड, लोणचं, मसाला. प्रत्येक गावात पापड झाले तर घेणार कोण? आमच्याकडे चालतात त्या शेळ्या, कोंबड्या, डाळ, आणि तेही पशुसखी, म्हणजे जनावरांची काळजी घ्यायला शिकलेली गावातली बाई, वेळेवर लस देत असेल तर. खरं सांगायचं तर गटाचं बहुतेक कर्ज धंद्यात जातच नाही. जूनमध्ये बियाणं-खत, पावसाळ्यात दवाखाना, मग शाळा, मग लग्न. काही शिकलेले लोक यावर नाक मुरडतात, हे उत्पादक कर्ज नाही म्हणतात. पण तीच बाई गट नसता तर कृषी केंद्रातून उधारीत चढ्या भावानं बियाणं उचलते, नाहीतर सावकाराकडे दागिना ठेवते. सावकाराचं दार टळलं, ही आमच्याकडे मोठी कमाई आहे.

आणि पैशापलीकडचं एक. आमच्या भागात शेतकरी आत्महत्या झालेली घरं आहेत. माणूस जातो, शेत त्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर, बाईचं नाव सातबाऱ्यावर नाही. नाव नाही म्हणजे पीककर्ज नाही, पीकविमा नाही, सरकारी खरेदीत कापूस घालता येत नाही. वारस नोंद करायला ती एकटी गेली की 'दीराला घेऊन ये' असं ऐकून परत येते. आमच्या ओळखीतल्या एका बाईचा कागद असाच रखडला होता. मग गटातल्या सात-आठ जणी तिच्याबरोबर जायला लागल्या, दर वेळी, मजुरी पाडून. फेरफार झाला. त्या शेतावर आज ती स्वतः पऱ्हाटी (कापूस) लावते. यासाठी कुठल्याही बँकेनं एक रुपया दिला नव्हता. पण दर महिन्याला एकत्र बसायची सवय नसती तर त्या सात-आठ जणी तिच्या मागे उभ्या राहिल्या असत्या का? दारूबंदीच्या मतदानात आडव्या बाटलीला, म्हणजे दुकान बंद करण्याच्या बाजूनं, मत द्यायला बायका एकगठ्ठा निघतात, तेही याच सवयीमुळे.

फायनान्स कंपन्या सगळ्याच वाईट असंही मी म्हणणार नाही. रोज गल्ला येणाऱ्या किराणावालीला बँकेपेक्षा त्या लवकर पैसे देतात. पण २०१० मध्ये आंध्र प्रदेशात वसुलीच्या जाचानं कर्जदारांनी आत्महत्या केल्याचे आरोप झाले ते देशानं पाहिलं, आणि २०१६ च्या नोटाबंदीनंतर विदर्भातही हप्ते थकले तेव्हा दारादारांत भांडणं झाली. आता रिझर्व्ह बँकेचे २०२२ पासूनचे नियम आहेत, ते तोंडपाठ असू द्या. घराचे सगळे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होऊ नयेत. तारण घ्यायचं नाही. मुदतीआधी फेडलं तर दंड नाही. वसुलीसाठी सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर फोन किंवा माणूस येता कामा नये, धमकी-शिवीगाळ तर नाहीच. आमच्या गावात एका कंपनीचा माणूस रात्री नऊपर्यंत एका बाईच्या अंगणात खाट टाकून बसला होता. बायकांनी जाऊन त्याला नियमाचा कागद दाखवला तेव्हा उठला. तो कागद आता आमच्या गटाच्या पेटीत कायम असतो.

आता मावशीचं. आधी कुठेच सही करू देऊ नका. गावातल्या बचत गटाच्या एका बैठकीला तिला नुसतं बसू द्या. दर महिन्याला बैठक होते का, कर्ज कोणाकोणाला मिळालं ते सगळ्यांसमोर वाचतात का, की अध्यक्ष-सचिवांच्या घरातच फिरतं, पासबुक बैठकीत येतं का, एवढं तिला तिथे बसूनच कळेल. शंभर जड जात असतील तर पन्नासच्या बचतीचा गट आहे का विचारा, नसेल तर पंचायत समितीतल्या उमेदच्या तालुका कक्षात जाऊन एकट्या बायकांचा वेगळा गट करून मागा. वर्धिनी, म्हणजे गावोगाव जाऊन गट उभे करणाऱ्या उमेदच्या बायका, येतात त्याच कामासाठी. बँक म्हणाली की घरच्या माणसाचं जुनं पीककर्ज थकलंय म्हणून गटाला देत नाही, किंवा गटाची बचत अडकवून ठेवली, तर हे रिझर्व्ह बँकेच्या सूचनांत बसत नाही असं लेखी द्या, बँक सखीला (बँकेच्या कामात गटांना मदत करणाऱ्या बाईला) सोबत न्या. लाडकी बहीणचे पंधराशे येत असतील तर त्यांच्या भरवशावर मोठं कर्ज द्यायला कोणी ना कोणी येईल. त्याला सध्या नाही म्हणा.

फायनान्सचं कर्ज तिनं आधीच घेतलेलं असेल तर कर्जाचं कार्ड आणि दराचा कागद यांचा फोटो मला पाठवा, नाव-पत्ता झाकून. किती फेडलं, किती उरलं आणि गटातून घेऊन ते मोकळं करणं परवडतं का, याचा हिशेब मी मांडून देते.