वाचकांचे प्रश्न : लेगब्रेक अधिक वळावा म्हणून

प्रश्न : मी सतरा वर्षांचा असून कॉलेजच्या संघातून लेगस्पिन टाकतो. टेनिसच्या चेंडूवर माझा लेगब्रेक (टप्प्यानंतर उजव्या फलंदाजाच्या पायांकडून ऑफच्या बाजूला वळणारा चेंडू) हातभर वळायचा, पण लेदर चेंडूवर तो जेमतेम दोन-तीन बोटे वळतो आणि फलंदाज मला बिनधास्त पुढे येऊन खेळतात. जास्त वळावा म्हणून मी चेंडू घट्ट पकडतो आणि हळू टाकतो, तरी फरक पडत नाही. माझे मनगट कमकुवत आहे का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : मनगटाची काळजी मनातून काढून टाक. टेनिसच्या चेंडूचे वजन साठ ग्रॅमसुद्धा भरत नाही आणि त्याच्यावरची लव जमीन पकडते, त्यामुळे तो थोड्याशा फिरकीनेही वळतो. लेदर चेंडू 155.9 ते 163 ग्रॅमचा असतो, म्हणजे जवळजवळ पावणेतीनपट जड, आणि त्याचे कातडे गुळगुळीत असते. ओझे वाढले, पण चेंडू सोडण्याची तुझी रीत टेनिसच्या चेंडूचीच राहिली. ती बदलावी लागेल, आणि त्याची सुरुवात तू उपाय म्हणून करत असलेल्या दोन्ही गोष्टी थांबवण्यापासून होईल.

आधी पकड पाहू. तर्जनी आणि मधले बोट शिवणीवर आडवे, त्यांच्यात फार फट न ठेवता. अनामिका दुमडून शिवणीलगत, चेंडूच्या बाजूला टेकलेली. करंगळी तिच्या आधाराला. आणि अंगठा नुसता टेकवलेला. चेंडू आणि तळहात यांच्यामध्ये उजेड दिसला पाहिजे. तळव्यात रुतलेला चेंडू फिरत नाही, तो ढकलला जातो. चेंडू आवळून धरला की मनगटापासून कोपरापर्यंतचे स्नायू ताठ होतात आणि ताठ मनगट झटका देऊ शकत नाही. म्हणून पकड इतकी सैल असावी की, दुसऱ्याने चेंडू ओढला तर तो सहज निघून यावा. लेगब्रेकला फिरकी देण्याचे मुख्य काम अनामिका करते. हात वर येत असताना मनगट आत वळलेले असते, सुटण्याच्या क्षणी ते उलगडते आणि त्याच वेळी अनामिका चेंडूला खालून वर, बाहेरच्या बाजूने फटका मारते. ते बरोबर जमले की बोटांचा ‘चट्’ असा आवाज तुला स्वतःला ऐकू येईल. नेटमध्ये माझ्यासमोर नवा मुलगा उभा राहिला की मी आधी डोळे मिटून तो आवाज ऐकतो.

आता ज्याकडे बहुतेक मुलांचे दुर्लक्ष होते, त्या शिवणीच्या दिशेकडे येऊ. चेंडू नुसता वेगाने फिरून भागत नाही, तो कोणत्या अक्षाभोवती फिरतो यावर त्याचे वळणे ठरते. एका जुन्या चेंडूच्या शिवणीवर काळ्या मार्करने जाड पट्टा ओढ. मित्राला दहा पावलांवर उभे कर, उजवा गुडघा जमिनीवर टेकव आणि त्या स्थितीतून त्याच्याकडे लेगब्रेक टाक. पट्टा अखंड, न डगमगता फिरताना दिसला तर फिरकी स्वच्छ आहे. सगळा चेंडू करडा, धुरकट दिसला तर शिवण लटपटते आहे आणि तुझी निम्मी मेहनत हवेतच वाया जाते आहे. उजव्या हाताच्या फलंदाजाला टाकताना शिवणीचे तोंड गलीच्या, म्हणजे ऑफच्या बाजूला स्लिप आणि पॉइंट यांच्यामधल्या जागेच्या, आसपास असावे. ते थेट पॉइंटकडे, म्हणजे फलंदाजाच्या सरळ रेषेत ऑफच्या बाजूला, वळले तर चेंडूला सगळी आडवी फिरकी मिळते. तो टप्प्यावर भरपूर वळतो, मात्र हवेतून झपकन खाली येत नाही. तोंड यष्टिरक्षकाशेजारच्या पहिल्या स्लिपकडे आले तर उसळी वाढते आणि वळण कमी होते. ते सरळ फलंदाजाकडे झाले तर तो टॉपस्पिन, म्हणजे न वळता पुढच्या दिशेने फिरणारा चेंडू. तुझ्या वर्णनावरून माझा अंदाज असा आहे की, तुझा लेगब्रेक नकळत टॉपस्पिनच्या जवळ गेलेला असावा. दमलेल्या किंवा जपून टाकणाऱ्या गोलंदाजाचा हात कानाजवळ येतो आणि मनगट पुरते उलगडण्याआधीच चेंडू सुटतो, तेव्हा नेमके हेच होते. हात थोडा बाहेर, घड्याळातल्या एकच्या काट्याइतका कलता ठेवून पाहा.

बोटे आणि मनगट यांच्या मागे सगळे शरीर असते. पुढचा पाय टेकल्यावर त्याच पायाच्या चवड्यावर शरीर गर्रकन फिरले पाहिजे. सुरुवातीला डावा खांदा फलंदाजाकडे, शेवटी उजवा खांदा फलंदाजाकडे, उजवा गुडघा पुढून आडवा गेलेला आणि गोलंदाजीचा हात डाव्या मांडीच्या बाहेर. हे फिरणे नसेल तर सगळा भार एकट्या मनगटावर येतो आणि ते सहा षटकांत थकते. ऑस्ट्रेलियाचा लेगस्पिनर शेन वॉर्न जेमतेम काही पावले चालत येऊन टाकत असे, तरीही त्याचा चेंडू भिंगरीसारखा फिरे, कारण पुढच्या पायावरचे ते फिरणे आणि खांद्याचा जोर दोन्ही त्याच्याकडे होते. खांद्याने आणि बोटाने त्याची किंमतही दिली. 1996 मध्ये त्याच्या बोटावर आणि 1998 मध्ये खांद्यावर शस्त्रक्रिया झाली. म्हणून अनामिकेची कातडी सोलवटली किंवा खांदा दुखू लागला तर त्या दिवशी थांबायचे, उसने बळ आणायचे नाही.

हळू टाकण्याबद्दल. तुझ्या मनातला हिशेब पूर्ण चुकीचा नाही. फिरकी तेवढीच राहून चेंडूचा वेग कमी झाला, तर टप्प्यानंतर तो अधिक कोनात वळतो. पण तू हळू टाकायला जातोस तेव्हा हाताचा वेगच कमी करतोस, म्हणजे वेगाबरोबर फिरकीही उतरते आणि पदरात काही पडत नाही. हात पूर्ण वेगाने फिरला पाहिजे. ती सगळी ताकद चेंडू पुढे फेकण्यात न जाता तो फिरवण्यात गेली पाहिजे आणि चेंडू फलंदाजाच्या डोळ्यांच्या रेषेच्या वरून गेला पाहिजे. नेटमध्ये खेळपट्टीच्या मध्यावर, फलंदाजाच्या डोक्याहून हातभर उंचीवर एक दोरी आडवी बांध आणि प्रत्येक चेंडू तिच्या वरून टाक. पंधरा दिवसांत फरक दिसतो.

असा भरपूर फिरणारा चेंडू हवेतही काम करतो. 4 जून 1993 रोजी ओल्ड ट्रॅफर्डवर वॉर्नने इंग्लंडमधल्या आपल्या पहिल्याच अॅशेस (इंग्लंड-ऑस्ट्रेलिया कसोटी मालिका) चेंडूवर इंग्लंडच्या माइक गॅटिंगला त्रिफळाचीत केले, ते चित्रण मिळवून शांतपणे, पुन्हा पुन्हा पाहा. टप्प्यानंतरचे वळण सगळ्यांच्या लक्षात राहते, पण तू टप्प्याआधीचा भाग पाहा. चेंडू सरळ निघतो, खाली येताना लेगच्या बाजूला सरकतो, लेग स्टंपच्या बाहेर पडतो आणि तिथून ऑफ स्टंपवर जातो. ते हवेतले सरकणेही त्याच फिरकीतून येते. फिरत्या चेंडूभोवतीची हवा एका बाजूला ढकलली जाते आणि चेंडू उलट बाजूला जातो. ज्या दिवशी तुझा लेगब्रेक हवेत असा किंचित आत येऊ लागेल, त्या दिवशी फिरकी वाढली आहे असे खुशाल समज.

टप्प्याचा साधा हिशेबही वहीत मांडून ठेव. चेंडू पाच अंशांनी वळतो असे धरले, तर टप्प्यापासून दोन मीटरवर तो सुमारे साडेसतरा सेंटिमीटर बाजूला गेलेला असतो आणि एका मीटरवर पावणेनऊच. म्हणजे तेच वळण फलंदाजाच्या पायाशी टाकले तर निम्मे दिसते. फलंदाज तुला पुढे येऊन खेळतात असे तू लिहितोस. ते चेंडूच्या टप्प्यापर्यंत पोहोचतात, म्हणून वळण त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही. बॅट जास्तीत जास्त 10.8 सेंटिमीटर रुंद असते. तिच्या मध्यापासून कडेपर्यंत जायला साडेपाच सेंटिमीटर पुरतात.

इथे लेगस्पिनर अनिल कुंबळे यांचे उदाहरण देऊन कोणी तुला सांगेल की वळणाची गरजच काय. त्यांचे 619 कसोटी बळी वेग, उसळी आणि अचूकपणाचे आहेत हे खरेच, परंतु ती उंची आणि ती शिस्त सगळ्यांना मिळत नाही. माझे मत असे की, सतराव्या वर्षी आधी चेंडू जोरात फिरवायला शिकावे आणि दिशा मागाहून आणावी. सुरुवातीचे काही महिने फुलटॉस पडतील, आखूड चेंडूंवर चौकार बसतील, कर्णधार नाराज होईल, ते सोसावे. जपून सरळ टाकायची सवय एकदा अंगात मुरली की फिरकी पुढे सहसा येत नाही, असे मी नेटमध्ये कितीतरी मुलांच्या बाबतीत पाहिले आहे आणि दर वेळी हळहळलो आहे. मुंबईचे लेगस्पिनर सुभाष गुप्ते अंगाने किरकोळच होते. त्यांनी 36 कसोटींत 149 बळी घेतले आणि 1958 मध्ये कानपूरला वेस्ट इंडीजचे एका डावात 102 धावांत 9 गडी टिपले. तेव्हा शरीरयष्टीची सबब नको.

सरावासाठी शिवण शाबूत असलेला चेंडू वापर. झिजून सपाट झालेला चेंडू जमिनीवरून घसरतो आणि मुलगा उगाच स्वतःला दोष देत बसतो. सिमेंटवर काथ्याची मॅट अंथरलेली असेल तर ती चारी बाजूंनी ताणून घट्ट ठोकलेली हवी.

प्रश्न : माझ्या अकरा वर्षांच्या मुलीला लेगस्पिनची फार आवड आहे, पण चेंडू तिच्या हातात मावत नाही आणि ती तो तळव्यात धरते. तिला आत्ता थांबवावे का?
— एक पालक, ठाणे

उत्तर : थांबवू नका, चेंडू बदला. तेरा वर्षांखालील मुलांसाठीचा लहान चेंडू 133 ते 144 ग्रॅमचा मिळतो. पूर्ण बावीस यार्डांचाही आग्रह नको. सोळा-सतरा यार्डांवरून टाकू द्या, म्हणजे चेंडू पोहोचवण्यासाठी तिला तो ढकलावा लागणार नाही. घरात बसल्या बसल्या एका हातातून दुसऱ्या हातात चेंडू फिरवत राहण्याचा खेळ तिला लावून द्या.

प्रश्न : मी चौतीस वर्षांचा क्लब क्रिकेटपटू आहे. गुगली छान पडू लागल्यापासून माझा लेगब्रेक वळेनासा झाला आहे.
— एक वाचक, पणजी

उत्तर : गुगलीच्या नादात अनेकांचे असे होते. गुगली म्हणजे लेगब्रेकसारखा दिसून उलट बाजूला वळणारा चेंडू. तिच्यात मनगट आणखी पुढे वळून शिवण फाइन लेगकडे, म्हणजे फलंदाजाच्या मागे लेगच्या बाजूला, पाहते. ती वारंवार टाकली की मनगटाला तीच जागा घरची वाटू लागते आणि लेगब्रेकसाठी ते मागे यायला तयार होत नाही. सहा आठवडे गुगली पूर्ण बंद ठेवा, सामन्यातसुद्धा. नेटमध्ये वर सांगितलेला काळ्या पट्ट्याचा चेंडू घ्या आणि शिवण मुद्दाम पॉइंटकडे ठेवून, अतिशयोक्ती वाटेल इतका मोठा लेगब्रेक टाका. चेंडू वाइड गेला तरी चालेल. वळण परत आले की शिवण हळूहळू गलीकडे आणा आणि त्यानंतरच षटकात एखादी गुगली टाका.